आई नाही, नवरा बोटीवर. बाळंतपण मैत्रिणींच्या भरवशावर काढू का?

अबोलीची_फांती | २१ मे

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचायलाच येते, लिहिते कमी. पण चार दिवस झोप नाही, म्हणून विचारतेच.

माझा सातवा सरत आलाय. राहायला म्हापशाला, माहेर दोडामार्गाकडचं. आई तीन वर्षांपूर्वी गेली. वडील आणि भाऊ आहेत, पण त्या घरात भाऊच कसाबसा दोन वेळचा भात लावतो, तिथे बाळंतीण कोण सांभाळणार? नवरा बोटीवर आहे. त्याचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपतं आणि माझी तारीख जुलैच्या शेवटची. सासूबाई पेडण्याला. वय ७१, दोन्ही गुडघे गेलेले, आणि आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

कॉलेजपासूनच्या तीन मैत्रिणी आहेत. एक शिक्षिका, एकीला दोन वर्षांचा मुलगा, तिसरी बँकेत. गेल्या शुक्रवारच्या बाजारात तिघी माझ्यासोबत होत्या. उकडे तांदूळ घेत होते, तर विकणारी बाई माझ्या पोटाकडे बघून सहज म्हणाली, "आवय व्हरतली मगो तुका कुळारा?" म्हणजे, आई नेईल ना गो तुला माहेरी? माझ्या तोंडून शब्द फुटेना. हातातले तांदूळ हातातच राहिले. बँकेतली मैत्रीण पुढे झाली आणि म्हणाली, "आमी आसात न्ही." परतताना रिक्षातच तिघींनी ठरवून टाकलं की सव्वा महिना पाळीपाळीने माझ्याकडे राहायचं.

माझा जीव मात्र वरखाली होतोय. त्यांची घरं आहेत, नोकऱ्या आहेत. बाळंतपण म्हणजे काही दोन दिवसांची गोष्ट नाही. रक्तामासाचं माणूस नसताना कुणी मैत्रिणींच्या हातून बाळंतपण काढलंय का? कसं निभावलं? आणि एवढं सगळं घेतल्यावर ते फेडायचं कसं?

मांडवीकाठ | २१ मे

आधी अभिनंदन! आणि अशा तीन मैत्रिणी मिळाल्या म्हणून दुसरं अभिनंदन. घे, डोळे मिटून घे.

दोन_लेकरांची_माय | २१ मे

मी साखळीची. माहेर बेळगाव. माझी धाकटी २०२०च्या एप्रिलमधली. चोर्ला घाटातून पाखरूही येत नव्हतं तेव्हा. आई तिकडे पोलिसांकडे पास मागत बसली होती आणि इकडे मला कळा सुरू झाल्या.

माझं बाळंतपण केलं ते समोरच्या बिऱ्हाडातल्या ख्रिस्ती बाईंनी. तोवर आमचं बोलणं पावाच्या हिशेबापुरतं. पदेर यायचा, दोघी एकदमच दार उघडायच्या, एवढीच ओळख. रुग्णालयातून घरी आले त्या दिवसापासून रोज अकराच्या सुमाराला खिडकीच्या गजावर चमच्याने टकटक व्हायची आणि विचारणा, "पेज पियेलें गो?" नाही म्हटलं की पाच मिनिटांत उकड्या तांदळाची पेज, वर तुपाची धार, बाजूला भाजलेला पापड. त्या दिवसांत घरात कुणी कुणाच्या येत नव्हतं, म्हणून टोप उंबऱ्यावर ठेवून त्या चार पावलं मागे सरायच्या आणि मी संपवेपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. "हांव गेल्यार तूं दवरतलें," असं त्यांचं म्हणणं. खरंच होतं, मी ठेवूनच दिली असती.

बाळंतपण रक्ताचं माणूस करतं हे खरं. पण जे माणूस करतं ते रक्ताचंच होऊन जातं, हेही मी पाहिलंय.

पेडण्याची_काकी | २२ मे

बाय, वाईट वाटून घेऊ नकोस. पण सासू आहे ना तुझी? तिला विचारलंस? गुडघे गेले म्हणजे माणूस गेलं काय? पहिलं नातवंड आहे. मी तिच्या जागी असते आणि सुनेने मैत्रिणींना बोलावलं असतं, तर मी रात्रभर रडले असते. आधी तिला फोन कर, मग मैत्रिणींचं बघ.

खरं_सांगते | २२ मे

मी विरुद्ध बाजूने लिहिते, कारण माझ्या बाबतीत हे फसलंय. माझ्याही पाच जणी होत्या, सगळ्या "आम्ही आहोत" म्हणणाऱ्या. डोहाळजेवणाला काय थाट! नंतर बाळ बघायला आल्या, मांडीवर घेऊन फोटो काढले, मीच उठून चहा केला, टाके दुखत असताना. आठवड्यानंतर कुणी नाही. कुणाचा राग नाही आता, त्यांना कळलंच नव्हतं की काय लागतं. मलाही सांगता आलं नाही. "काही लागलं तर सांग" असं म्हणणाऱ्या माणसाला बाळंतीण काय सांगणार? तिला स्वतःलाच कळत नसतं की तिला तहान लागलीय.

म्हणून सांगते, नुसतं "आहोत" यावर राहू नकोस. मंगळवारी रात्री कोण, कपडे कोण धुणार, बाळाचा जन्मदाखला काढायला कोण जाणार, हे आत्ता ठरव. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि त्या २१ दिवसांत बाळंतिणीला वार कुठला हेही ठाऊक नसतं.

मांडवीकाठ | २२ मे

खरं_सांगते, वाचून पोटात तुटलं. आणि माझं "डोळे मिटून घे" मागे घेते. डोळे उघडे ठेवून घे.

वेर्णा_सेकंडशिफ्ट | २२ मे

अबोली, नोकरी करतेस का? करत असशील तर रजेचं आत्ताच लेखी दे. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की झालं. माझ्या बायकोला आधीच्या नोकरीत "तुम्ही कंत्राटी, तुम्हाला बारा आठवडेच" असं तोंडी सांगितलं होतं. आम्ही कायदा वाचून दाखवला तेव्हा मिळाली. पूर्ण रजा मिळाली की मैत्रिणींवरचा भारही हलका होईल.

बापाचं मात्र अवघड आहे. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस आहेत, आम्हा खाजगीवाल्यांसाठी कायद्यात काहीच नाही. मी आठ दिवसांची हक्काची रजा काढली होती, त्यात चार रात्री जागलो आणि बाळाचे लंगोट बदलायला शिकलो. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते अजून कामाला येतं.

बाणावलीचो_बांगडो | २२ मे

जेवणाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. आमच्याकडे बाळंतिणीला दुधासाठी मोरी माशाचं सुकं घालतात. पण तारीख जुलैअखेरची आणि मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे तारखेपर्यंत बंदीच! आत्ताच कुणाला तरी सांगून ठेवा.

दोन_लेकरांची_माय | २२ मे

मासे आले, धागा आता खरा गोव्याचा झाला.

वॉर्डातली_ताई | २३ मे

मी परिचारिका. बाळंतिणींच्या वॉर्डात २२ वर्षं काढली. वेळ काढून लिहितेय, अबोली, हे मैत्रिणींनाही वाचायला दे.

आधी माशांचं. मोरी म्हणजे शार्कच. मोठा, इतर मासे खाऊन वाढणारा मासा, त्याच्या अंगात पारा साठत जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने मोरी टाळावी. त्याऐवजी तारली, बांगडा, मुडदुशी, हे लहान मासे खा. दूध वाढतं ते बाळ वारंवार ओढतं म्हणून आणि आईच्या पोटात अन्नपाणी असतं म्हणून. मूल दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. कुणी कितीही म्हणालं "बाळ उपाशी आहे", तरी लंगोट मोज.

पहिल्या तासात छातीशी घे. पिवळसर चीक पिळून टाकू देऊ नकोस. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतं आणि तो चमचा म्हणजे तोच चीक. सहा महिने फक्त अंगावरचं, वरचं पाणीही नको. मध तर वर्ष होईपर्यंत बोटभरही नाही. मधातल्या जंतूंचं विष तान्ह्या आतड्यात तयार होतं आणि मूल लुळं पडतं. हे मी आज्यांच्या पाया पडून सांगत आलेय.

बाळंतिणीचं पाणी तोडू नका. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी नको, त्या धुरातला वायू वास न येता माणूस घेऊन जातो. बाळाच्या नाकाकानात तेल नको, डोळ्यांत काजळ नको. अंगाला मालीश खुशाल करा. आळिवाची खीर, मेथीचे लाडू, नाचण्याचं तिझन, मुगागाठी, सगळं चांगलं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस. चहासोबत नाही, कॅल्शियमसोबत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत.

आता हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल. ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला. एकाच पायाला सूज आणि दुखणं. आणि डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे चांदण्या, पोटात वरच्या बाजूला कळ. यातलं काहीही झालं तर काढा उकळत बसायचं नाही, १०८ लावायचा. डोकं दुखण्याचं मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतात जागरणाने दुखतंय. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढू शकतो, आधी कधी नसला तरी.

आणि रडू येईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, किंवा बाळाकडे बघावंसंच वाटेना झालं, तर डॉक्टरांना सांगायचं. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, रात्रीही उचलतात. आई नसलेल्या मुलींना बाळंतपणात आई फार आठवते. तो आजार नव्हे, आठवण आहे. पण आठवणीच्या आडून आजार आला तर मैत्रिणींच्या लक्षात यायला हवा.

बाणावलीचो_बांगडो | २३ मे

ताई, मोरीचं ऐकलं. घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पांच भुरगीं पोसलीं हांवें मोरी खावन," पण सुनेच्या ताटात आजपासून तारले.

सत्तरीची_आजी | २४ मे

नात टंकते आहे, मी सांगते आहे. आमच्या वेळी वाळपईपलीकडच्या वाड्यांवर दवाखाना नव्हता. वयजीण यायची. माझी तिन्ही तिच्या हातची. ती ना आमच्या घरची, ना आमच्या जातीची. दारात आली की आधी हात धुवायला गरम पाणी मागायची आणि म्हणायची, "भिवं नाका बाय." एवढं ऐकलं की निम्मी कळ जायची. आई जवळच होती माझी, पण आई तर माझ्याहून जास्त घाबरलेली. म्हणून सांगते, आई नाही म्हणून बाळंतपण होत नाही असं नसतं, पोरी. न घाबरणारं एक माणूस लागतं.

तिला आम्ही पैसे दिले नाहीत. सुपात तांदूळ, नारळ, खण. आणि तिचं जेवण आमच्या घरून गेलं की भांडं ती रिकामं परत करायची नाही, दोन मिरच्या तरी घालायची.

अबोलीची_फांती | २६ मे

सगळ्यांचं चार-चारदा वाचलं. कागद फ्रिजवर लागला. पेडण्याच्या काकी, तुमचं लागलं मला, पण खरं होतं. मी सासूबाईंना विचारलंच नव्हतं, त्यांना त्रास नको म्हणून. फोन केला तर त्या म्हणाल्या, "मी वाट बघत होते गो तू कधी विचारतेस त्याची." दोघी रडलो. त्या येणार आहेत.

आता दुसरी अडचण. सातव्यातलं फुलां माळप, म्हणजे फुलं माळून ओटी भरायचं कार्य, त्यांना करायचंय. माझी बँकेतली मैत्रीण, तिचे तीन वेळा दिवस जाऊन राहिले नाहीत. शेजारच्या बायकांनी सासूबाईंच्या कानावर घातलंय की तिला पुढे करू नका. सासूबाई गोंधळल्यात. मैत्रिणीला कुठूनतरी कळलं आणि ती म्हणाली, "मी त्या दिवशी बँकेतच असेन, तू टेन्शन घेऊ नको." इतकं हसून म्हणाली की मला ते हसणं बघवेना.

पेडण्याची_काकी | २६ मे

सासूला विचारलंस, देव तुझं भलं करो. फुलांचं काय सांगू? जुनी माणसं जपतात, वाईट हेतू नसतो. एक दिवस ती मागे राहिली तर तिचं काय जातं?

जुईची_वेल | २६ मे

काकी, काय जातं ते मी सांगते.

मला मूल नाही. दोनदा राहिलं, एकदा दहाव्या आठवड्यात गेलं, एकदा अठराव्या. दुसऱ्याच्या वेळी मी त्याचं हलणं ओळखायला लागले होते. त्यानंतर मला बारशाची बोलावणी येईनाशी झाली. कुणी वाईट बोललं नाही कधी. नुसतं बोलावलं नाही. सख्ख्या नणंदेच्या ओटीला मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते आणि बाहेर ओव्या चालल्या होत्या. मूल गेलं तेव्हा रडले होते तशीच त्या पिठात रडले. माझ्या हाताचं वाईट होतं तर त्या पुऱ्या कशा चालल्या?

माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे, मूळचं चोडणचं. देवकी आणि तिच्यापाशी बाळकृष्ण, दोघं एकत्र. मी तिथे जाते. जिची सहा मुलं डोळ्यांदेखत गेली आणि सातवं पोटातून गेलं त्या बाईला आपण गाभाऱ्यात बसवलं. तिच्यासमोर ओट्या भरतो. आणि आपल्या घरातल्या बाईला मागे बस म्हणतो.

अबोली, तुझ्या मैत्रिणीला फुलं माळू दे. ती रात्री उठून तुझं मूल सांभाळायला तयार आहे.

वॉर्डातली_ताई | २६ मे

वेल, तुझ्याजवळ बसावंसं वाटलं. वैद्यकीय म्हणून एवढंच सांगते, सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भ राहत नाहीत, त्यातले निम्मे तरी त्यांच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे जातात. आईने काही केलं म्हणून नव्हे, कुणाचा हात लागला म्हणून तर नव्हेच.

पेडण्याची_काकी | २७ मे

रात्री वाचलं. सकाळी परत वाचलं. माझ्या धाकट्या जावेला मी असंच मागे ठेवलंय, दोन कार्यांत. आज तिच्याकडे जाऊन येते.

तारवटी | २९ मे

मी बोटीवरूनच लिहितोय, नेट मिळेल तसं. अबोलीताई, तुमच्या घरधन्याला माझा निरोप द्या. माझी मुलगी झाली तेव्हा मी अटलांटिकात होतो. पहिल्यांदा बघितली ती मोबाइलवर, चित्र अडकत अडकत. पाच महिन्यांची होती तेव्हा दाबोळीला उतरलो, घेतली तर माझ्याकडे बघून रडली.

लांबून काही करता येत नाही असं मी समजत होतो, ते चूक होतं. वीजबिल, गॅस, औषधं मागवणं, डॉक्टरांच्या तारखा, नातेवाइकांचे फोन घेणं, हे सगळं मी बोटीवरून करू शकलो असतो. मी फक्त "कशी आहेस" विचारत राहिलो. "कोण कोण भेटायला येणार ते मी ठरवतो, तू फोन बंद ठेव" एवढं जरी म्हणालो असतो तरी तिला दुपारची झोप मिळाली असती. त्याला सांगा, रात्रपाळीच्या वेळेला तुमच्याकडे पहाट असते, बाळ जागं असतं. फोन लावून नुसतं बोलत राहायचं. आवाज ओळखतात मुलं.

मांडवीकाठ | २४ जून

सांजावच्या (संत योहानाच्या सणाच्या) शुभेच्छा सगळ्यांना! सकाळपासून पाऊस आणि घुमटं. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून मुलं विहिरीकडे निघाली, तेव्हा हा धागा आठवला.

आमच्या वाड्यावरची एक म्हातारी बाई आज सांगत होती. एलिझाबेथ उतारवयात गरोदर, तिला भेटायला मरीया डोंगराळ मुलखात चालत गेली. तिची हाक ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या योहानाने उडी मारली, त्या आनंदाची उडी आपण विहिरीत मारतो. हे मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. मरीया स्वतःही पोटुशी होती आणि तरी तिथे तीन महिने राहिली. म्हातारी म्हणाली, "तीन म्हयने कितें करताली? पेज रांदताली आसतली."

अबोली, फुलांचं काय झालं?

अबोलीची_फांती | २५ जून

झालं. सासूबाईंनी स्वतः तिला फोन केला. काय बोलल्या मला सांगितलं नाही दोघींनीही. पहिली फांती तिने माळली. अबोलीची फुलं ती आदल्या रात्री स्वतः ओवत बसली होती, केळीच्या सोपटाचा दोरा भिजवून. तिला सवय नाही, गाठी इतक्या घट्ट मारल्या होत्या की फुलं चुरगळून केशरी डाग बोटांना लागले होते. केसांत माळताना तिचे हात थरथरत होते आणि मला मानेवर ते कळत होतं. शेजारच्या बायका गप्प बसून होत्या. सासूबाई म्हणाल्या, "आता तू ओटी भर."

दोन_लेकरांची_माय | २५ जून

चुलीवर दूध ठेवून वाचत होते, उतू गेलं. जाऊ दे.

अबोलीची_फांती | ९ ऑगस्ट

मुलगी झाली. २६ जुलै, पहाटे. २ किलो ९०० ग्रॅम. आता दोघी बऱ्या आहोत. मधे काय झालं ते लिहिते, कारण ज्यांच्यामुळे वाचले त्या इथे आहेत.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. दोन मजले त्या एकेक पायरी करत चढल्या, मधल्या वळणावर शेजाऱ्यांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. ती खुर्ची अजून तिथेच आहे. न्हाणीच्या दाराशी बसून त्या सांगायच्या आणि शिक्षिका मैत्रीण तसं करायची. पाणी किती कढत, मूल पायांवर कसं पालथं घालायचं. मध द्यायचा विषय निघालाच, तर त्यांनीच फ्रिजकडे बोट दाखवलं.

पाचव्या दिवशी दुपारपासून डोकं दुखत होतं. मला वाटलं जागरण. संध्याकाळी बाळाच्या तोंडाकडे बघताना मधेच चमकल्यासारखं झालं. त्या रात्री पाळी बँकेतल्या मैत्रिणीची. तिला म्हटलं, "डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय गो." ती काही बोलली नाही. सरळ फ्रिजपाशी गेली, कागद वाचला, परत आली, मला बसवलं आणि १०८ लावला. मी म्हणत होते एवढं काही नाही. रक्तदाब १६८ आणि खालचा ११०. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध दिलं, तीन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता येत नव्हतं.

सहावी रात्र रुग्णालयातच गेली. सटीची रात्र. सासूबाई घरी तळमळत होत्या की कोरा कागद नाही, लेखणी नाही, सटवी येऊन काय लिहील? रात्री बाराला मैत्रिणीने पर्स चाचपली. त्यात पैसे काढायची एक स्लिप मिळाली, तिची पाठची बाजू कोरी. ती आणि बँकेचं दोरा लावलेलं पेन बाळाच्या उशाशी ठेवून ती लोखंडी स्टुलावर पहाटेपर्यंत बसून राहिली. मला गुंगी होती. जेव्हा जेव्हा डोळा उघडला तेव्हा ती जागी होती. एकदा ती बाळाच्या कपाळाकडे टक लावून बघत होती. मी विचारलं काय बघतेस, म्हणाली, "लिहितायत काय ते."

आई फार आठवली. ताई, तुम्ही म्हणालात तशीच आठवली.

वॉर्डातली_ताई | ९ ऑगस्ट

हात थरथरतायत माझे. गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर बंद करू नकोस, रोज दाब मोजून वहीत लिही. दूध पाजत राहा. सहाव्या आठवड्याची लस चुकवू नकोस, मग दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची. तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार. असं न डगमगता वागायला आमच्यात शिकून यावं लागतं.

सत्तरीची_आजी | १० ऑगस्ट

न घाबरणारं एक माणूस. मी म्हटलं होतं. पोरीचं नाव काय ठेवणार?

खरं_सांगते | १० ऑगस्ट

नाव आधी नाही सांगायचं आजी, बारशाला. पण जन्मदाखला काढला का कुणी? सोळा तारखेला २१ दिवस होतील!

अबोलीची_फांती | १० ऑगस्ट

काढला! शिक्षिका मैत्रीण शाळेच्या मधल्या सुट्टीत पालिकेत जाऊन आली. तुमच्याच यादीवरून. बाकीच्या कामांची घडी तिघींनी आणि बोटीवरल्याने मिळून बसवलीय. भेटायला येणाऱ्यांचे फोन तोच घेतो, आणि पहाटे चारला लेकीशी बोलतो. ती खरंच गप्प होते.

एक प्रश्न तसाच राहिलाय, पहिल्या दिवशी विचारलेला. फेडायचं कसं? आजी, तुम्ही ते भांड्याचं म्हणालात ना, रिकामं परत द्यायचं नाही, ते डोक्यातून जात नाही. रोज तीन घरांतून डबे येतात. माझ्याकडे त्यात घालायला काही नाही.

सत्तरीची_आजी | ११ ऑगस्ट

अगो वेडे, ती वयजीण होती, बाळंतीण नव्हती! बाळंतिणीने भांडं रिकामंच द्यायचं असतं. तिने चाटून पुसून खाल्लं हे दिसायला नको?

डिचोलीहून | ३ सप्टेंबर

मी आजच पूर्ण धागा वाचला. मला सहावा आहे. माझीही आई नाही. मैत्रिणी होत्या त्या पुण्याला गेल्या नोकरीला. नवरा आहे, चांगला आहे, पण कदंबा बसवर ड्रायव्हर, मुक्कामाच्या फेऱ्या असतात. काय विचारावं ते कळत नाही, नुसतं लिहून ठेवते.

अबोलीची_फांती | ३ सप्टेंबर

डिचोलीत कुठे? मला निरोप पाठवा. माझा सव्वा महिना परवा संपला, दाब आता बरा आहे. मंगळवारी सासूबाई बाळाला तासभर बघतात, मैत्रिणीच्या गाडीने तुमच्याकडे येतो. ती आता कागदावाचून सगळं सांगते, तोंडपाठ आहे. तिझन आणते डब्यातून. डबा रिकामाच परत द्या.